वरून धरणारा पंजा

ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसताना पूनमच्या तळव्याला तो खड्डा लागला आणि तिने हात झटकन मागे घेतला. परातीएवढा खड्डा, पत्रा आत दबलेला, लाल रंग उडून खाली राखाडी दिसत होतं. अकरा दिवसांपूर्वी तिथे बाभळीचं खोड आदळलं होतं. त्याच्या पाचच मिनिटं आधी तिथे तिची नऊ वर्षांची रुपा बसली होती.

"बसली का नीट?" सुधाकररावांनी मागे न बघता विचारलं.

"हो, मामाजी."

सासऱ्यांनी ट्रॅक्टर सुरू केला. समोर लोडरचे दोन लोखंडी हात हादरले आणि त्यांच्या टोकाची बकेट खुळखुळली. पूनमने पदर खोचला, साडीवर घातलेल्या नवऱ्याच्या जुन्या शर्टाच्या बाह्या खाली ओढल्या आणि दोन्ही हातांनी मडगार्डची कड घट्ट धरली. बोरखडीहून आदिलाबाद चाळीस किलोमीटर. सगळा रस्ता ते लोखंडी हात तिच्या डोळ्यांसमोर राहणार होते.

बोरखडी हे गाव बेल्यापासून सहा किलोमीटरवर, पैनगंगेच्या अलीकडे, तेलंगणाच्या बाजूला. वैशाख सरता सरता तिथे असं वादळ झालं की म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही तसं आठवत नव्हतं. पाऊस नावाला, वाराच सगळा. तासाभरात निंब, बाभळी, चिंचा आडव्या झाल्या. बेल्याचा रस्ता दोन ठिकाणी बंद पडला, जायचं तर वावरातून वळसा घालून, आणि धुऱ्याधुऱ्यावर, म्हणजे शेतांच्या बांधाबांधांवर, फांद्यांचे ढीग पडले. मृग पंधरा-वीस दिवसांवर आला होता आणि वावर मोकळं झाल्याशिवाय कपाशी लावायची कुठे? गावात लोडर बसवलेला ट्रॅक्टर एकच, सुधाकररावांचा. हनुमानाच्या पारावर बसून त्यांनी शब्द देऊन टाकला, "रस्ताबी मोकळा करतो, वावरंबी. चिंता करू नका."

शब्द बापाने दिला आणि कामाला मुलगा लागला. पहिले दोन दिवस पंकजने बकेटने जमेल तसं ओढलं, लोटलं. बकेट म्हणजे शेणखत, माती उचलायचं भांडं. फांद्या तिच्यात मावत नव्हत्या. एक बाजू उचलली की दुसरी घसरायची. तिसऱ्या दिवशी गावातल्या पंढरीच्या धुऱ्यावरचं बाभळीचं खोड त्याने बकेटच्या तोंडावर कसंबसं तोललं आणि धुऱ्यावरून पलीकडे टाकायला वर उचललं. पूनम वीस पावलांवर कोयत्याने डहाळ्या छाटत होती. रुपा "तहान लागली" म्हणून नुकतीच मडगार्डवरून उतरली होती आणि निंबाखालच्या कळशीकडे गेली होती.

पूनमने मान वर केली तेव्हा खोड गोल फिरत होतं. सावकाश फिरत होतं, जणू कोणी मुद्दाम फिरवतंय. बकेटच्या मागच्या कडेवरून ते वर चढलं, ट्रॅक्टरकडे उतरत्या झालेल्या लोखंडी हातांवर पडलं आणि तिथून घरंगळत थेट पंकजवर आलं. ती ओरडली होती म्हणे. तिला स्वतःला ते आठवत नाही. तिला आवाज आठवतो तो लाकूड लोखंडावरून घासत येतानाचा. पंकजच्या उजव्या खांद्याचं हाड मोडलं, तीन बरगड्या गेल्या आणि खोड त्याच्या मांडीवरून डाव्या मडगार्डवर आपटून खाली पडलं.

डॉक्टर म्हणाले, मान वाचली, नशीब समजा. सुधाकरराव दवाखान्याच्या व्हरांड्यात म्हणाले, "इतकं वर उचलून कोनी चालते का? मी पंचेचाळीस वर्सं ट्रॅक्टर चालवून राह्यलो, मले कदी झालं नाई. चूक पंकजचीच." पंकज आत खाटेवर होता. दार उघडं होतं. त्याने ऐकलं असणारच.

आज सकाळी निघण्याआधी पंकजने तिला जवळ बोलावलं. हात गळ्यात बांधलेला, श्वास घेताना बरगड्या दुखत म्हणून तो थांबून थांबून बोलायचा.

"बाबा बकेटच्या ठिकानी दुसरं काई बसवू म्हनून राह्यले. ते सादंच पाहतीन. तू ध्यान ठेव, वरून धरनारं असलं पायजे. खालून नुसतं उचलनारं नको."

"तुमी सांगा ना त्यायले."

"मी सांगतलं तं ते म्हनतीन, आपली चूक लपवून राह्यला." त्याने नजर छताकडे वळवली. मग अगदी हळू म्हणाला, "पूनम, मी त्याच्यावर परत बसीन असं मले वाटत नाई. डोळे मिटले का ते खोड येते. कोनाले सांगू नको."

तिने मान हलवली. तिचेही डोळे मिटले की तेच खोड येत होतं, पण तिने ते सांगितलं नाही. कारण सगळ्यांनी न बोलताच ठरवून टाकलं होतं की पंकज बरा होईपर्यंत ट्रॅक्टर पूनमने चालवायचा. सहा वर्षं ती पेरणी करत होती, वखरणी करत होती. तिला येत होतं. येत नाही असं म्हणायची सोय नव्हती आणि भीती वाटते असं या घरात कधी कोणी म्हटलं नव्हतं.

वाटेतल्या जैनदच्या पुढे रस्त्याच्या कडेला अजून झाडं पडलेली होती. एका ठिकाणी सुधाकररावांनी खड्डा चुकवायला ब्रेक मारला आणि बकेट जोरात वर-खाली हलली. बकेट रिकामी आहे, तिने स्वतःला सांगितलं. रिकामी आहे, तिच्यात काही नाही. पण तळव्यांना घाम सुटला तो आदिलाबाद येईपर्यंत वाळला नाही.

अवजारांचं दुकान शहराबाहेर होतं. पुढे ऑफिसची एक खोली, मागे पत्र्याची शेड आणि मोठं अंगण. अंगणात नांगर, रोटाव्हेटर, पाण्याचे टँकर मांडलेले. एका कोपऱ्यात लोडरला बसवायची अवजारं ओळीने ठेवली होती. मालक तेलुगू माणूस, पण गिऱ्हाईक मराठी दिसलं की हैदराबादी हिंदीवर यायचा.

"आओ पटेलसाब, क्या होना?"

सुधाकररावांनी वादळाचं सांगितलं, पडलेल्या फांद्यांचं सांगितलं. मुलाचं सांगितलं नाही.

मालकाने तीन वस्तू दाखवल्या. पहिली, लांब दात्यांची. जाड लोखंडाचे पाच दाते, दंताळ्यासारखे पुढे आलेले. फांद्यांच्या ढिगाखाली घालायचे आणि उचलायचं. दुसरी, तसेच दाते असलेली, पण वर एक वाकडा जबडा. लिव्हर ओढला की जबडा खाली येतो आणि माल दाबून धरतो. हिला तो पंजा म्हणत होता. तिसरा पंजा त्याहून दांडगा, दोन जबड्यांचा, रानडुकराच्या तोंडासारखा. "इसमें पूरा झाड आ जाता," मालक म्हणाला.

सुधाकररावांनी पाच दात्यांवर हात फिरवला. "हे बरं हाय. याच्यात बिघडाचं काईच नाई. त्या जबड्याले अलग नळ्या लागतीन, अलग वॉल्व्ह लागन. उद्या नळी फुटली तं बेल्यात कोन दुरुस्त करनार?"

"सही बात है," मालक लगेच म्हणाला.

शेडमधून एक पस्तिशीचा मिस्त्री हात पुसत आला होता. त्याने त्यांची बोली ऐकली. "बेल्याकडले का, काका? मी तिकडचाच. हर्षदीप." मग तो दात्यांकडे बघत म्हणाला, "झुडपाले हे चालते. पन गोल खोड असलं तं वरून दाबनारं पायजे. नाई तं ते फिरते."

"चालवनाऱ्यावर हाय ते," सुधाकरराव म्हणाले.

हर्षदीप पुन्हा हात पुसू लागला. पूनमला वाटलं आता बोलावं. सासऱ्यांसमोर, परक्या माणसांसमोर, बाजारात, तिने आजवर कधी वस्तू निवडली नव्हती. पण त्या पाच दात्यांना पाठच नव्हती. मागे नुसती एक आडवी पट्टी, वीतभर उंच. तिला त्या पट्टीवरून खोड वर चढताना दिसलं, अगदी स्पष्ट. आणि उद्या त्या सीटवर ती बसलेली असणार होती.

"मामाजी," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की तिने पुन्हा म्हटलं. "मामाजी, एखादं लाकूड उचलून पाहू ना आधी. घ्याच्या आधी."

सुधाकररावांनी तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही, जरा नवलाने. "पाहू ना. त्यात काय."

बकेट काढून दाते बसवायला अर्धा तास लागला. शेडच्या मागे वादळात पडलेल्या निंबाचं आठ फुटी खोड होतं. मालक म्हणाला आमचा माणूस चालवून दाखवील. पण सुधाकरराव तोवर सीटवर चढलेही होते.

"काका, गुडघ्याच्या वर नका उचलू," हर्षदीप ओरडला.

त्यांनी पहिला गिअर टाकला, दाते खोडाखाली घातले, क्लच दाबून ट्रॅक्टर थांबवला आणि लिव्हर ओढला. खोड उचललं गेलं. गुडघ्यापर्यंत आलं. कमरेपर्यंत आलं. सुधाकररावांनी पूनमकडे बघून मान हलवली, पाहिलंस का म्हणून. आणि लिव्हर तसाच ओढून ठेवला.

हात जसजसे वर गेले तसतसे दाते मागे कलत गेले. पूनमला ते दिसलं. तिने तोंड उघडलं, पण आवाज आला तेव्हा उशीर झाला होता. खोड फिरलं. सावकाश, तसंच, जणू कोणी मुद्दाम फिरवतंय. वीतभर पट्टीवरून ते वर चढलं, लोखंडी हातांवर धप्पकन पडलं आणि घासत, घरंगळत मागे निघालं. तोच आवाज.

तिचे डोळे आपोआप मिटले. उघडले तेव्हा सुधाकरराव जिवंत होते.

खोडाचं डावं टोक लोडरच्या खांबाजवळच्या नळीत अडकलं होतं. उजवं टोक पुढे झेपावून स्टिअरिंगवर टेकलं होतं, त्यांच्या छातीपासून वीतभर. डाव्या हाताने ते खोड लोटून धरत होते, उजवा हात लिव्हरवर होता. चेहरा मातीसारखा झालेला. इंजिन चालूच होतं. आणि पूनमच्या लक्षात आलं की ट्रॅक्टर गिअरमध्ये आहे, त्यांचा डावा पाय क्लचवर आहे आणि तो पाय गुडघ्यापासून लटलट हलतो आहे. चौसष्ट वर्षांचा गुडघा. हिवाळ्यात त्यांना जिना उतरवत नसे.

पाय सुटला तर ट्रॅक्टर गचका देऊन पुढे जाणार. गचका बसला तर नळीतून खोड सुटणार.

"काका, हलू नका," हर्षदीप म्हणाला. त्याने पहार घेतली, डाव्या टोकाखाली घातली आणि खांदा लावून उभा राहिला. "मी इकडून सोडू शकत नाई. कोनीतरी गिअर काढा."

मालक मागे सरकला होता. शेडमधले दोघे जागच्या जागी उभे होते. कोणी वाईट नव्हतं, पण कोणाचा पाय उचलत नव्हता. पूनमचाही उचलत नव्हता. तिला स्वच्छ कळत होतं की मागून चढून गिअर काढायला जाईल त्याचं डोकं त्या खोडासमोर, सासऱ्यांच्या डोक्याशेजारी असेल. तिला रुपा आठवली. घरी आजीजवळ असेल आता, सासूबाई मालनबाई तिच्या वेण्या घालत असतील. आपण मेलो तर तिला कोण सांगणार, हा विचार मनात आला आणि त्याच वेळी ती चालायला लागली. कशी, ते तिला नंतर कधी सांगता आलं नाही.

ती ट्रॅक्टरच्या मागे गेली. नांगर जोडायच्या दांडीवर पाय ठेवला. दांडी तेलकट होती, चप्पल घसरली. तिने चप्पल पायातून झटकली आणि अनवाणी पायाने पुन्हा पाय ठेवला. साडी गुडघ्याशी गोळा करून धरली. मडगार्डला धरून वर आली तेव्हा हात त्याच खड्ड्यात गेला, पण या वेळी तिने तो काढला नाही. तो धरायला बरा पडला.

सुधाकररावांच्या मानेवर घाम वाहत होता. ते काहीतरी पुटपुटत होते. इंजिनाच्या आवाजात तिला फक्त "पाय" एवढं ऐकू आलं.

"मामाजी, मी हाय मागं. पाय दाबून ठेवा. जराक."

"सुटते, पूनम."

"नाई सुटत. दाबा."

तिने त्यांच्या खांद्यावरून वाकून उजवा हात खाली नेला. गाल लाकडाला लागला. सालीचा ओला, कडू वास आला. गिअरचा दांडा बोटांना लागत नव्हता. ती आणखी वाकली, बरगड्या सीटच्या पाठीत रुतल्या. सासऱ्यांचा पाय तिला दिसत होता, क्लचवर इंच इंच वर येत होता. पहिल्यांदा दांडा हातात आला तो घामाने सटकला. दुसऱ्यांदा तिने शर्टाची बाही ओढून बोटांवर घेतली, दांडा धरला आणि मध्ये खेचला. तो निघाला का? तिने डावी-उजवीकडे हलवून पाहिला. मोकळा हलत होता. मग तिने हँडब्रेक ओढला आणि इंजिन बंद करायची मूठ खेचून धरली.

इंजिन दोनदा धडधडून थांबलं. अंगणात एकदम इतकी शांतता झाली की रस्त्यावरच्या बसचा हॉर्न ऐकू आला.

"आता सोडा पाय," ती म्हणाली.

त्यांनी सोडला. ट्रॅक्टर हलला नाही. त्यांचा पाय मात्र क्लचवरून निघून बाजूला पडला, जणू तो त्यांचा नव्हताच.

पुढचं काम हर्षदीपने केलं. शेडच्या तुळईला चेनपुली होती. त्याने साखळी आणून खोडाच्या दोन्ही टोकांना गुंडाळली आणि सगळ्यांनी मिळून ते हळूहळू उचलून बाजूला घेतलं. तोवर सुधाकररावांनी डावा हात लाकडावरून काढला नाही. काढा म्हटलं तरी काढला नाही. शेवटी पूनमने त्यांची बोटं एकेक करून सोडवली.

त्यांना शेडमध्ये बाकावर बसवलं. मालकाने पाणी आणवलं. त्यांनी ग्लास दोन्ही हातांनी धरला. पूनम खाली जमिनीवरच बसली होती.

मग सुधाकरराव म्हणाले, "पंकजची चूक नव्हती."

पूनमने मान वर केली.

"मी दवाखान्यात बोललो ते त्याले ऐकू गेलं असन का?"

"गेलं," ती म्हणाली. खोटं बोलायची ताकद तिच्यात उरली नव्हती.

त्यांनी ग्लास खाली ठेवला. तोंडावरून धोतराचा सोगा फिरवला आणि तो तसाच थोडा वेळ डोळ्यांवर धरून ठेवला. मग उठले, अंगणातल्या त्या ओळीपाशी गेले आणि म्हणाले, "ये. तूच सांग कोनता घ्याचा. चालवाचं तुले हाय."

तिने पहिल्यांदा मोठ्या पंज्याकडे बोट केलं. दोन जबडे, सगळ्यांत जास्त पकड, म्हणजे सगळ्यांत कमी भीती, असं तिला वाटलं. हर्षदीपने मान हलवली. तो म्हणाला, पाहून घ्या. त्याने तो पंजा जोडला, ट्रॅक्टरवर चढला आणि रिकामाच पंजा उचलून, जरा पुढे नेऊन ब्रेक दाबला. मागची चाकं जमिनीवरून उचलल्यासारखी झाली. पूनम दोन पावलं मागे सरली.

"हे मोठ्या ट्रॅक्टरले. तुमच्याले ह्याचं वजनच जास्त होते. उतारावर तोंडघशी पडान."

"मंग हा लहान?"

"हा. एक जबडा पुरते, खोड मधात धरलं तं. पन तीन गोष्टी सांगतो, वहिनी. पाठीमागं मी उंच जाळी जोडून देतो, म्हनजे काई सुटलंच तं तुमच्याकडे येनार नाई. ट्रॅक्टरच्या मागं वजनाची पेटी लावा. आनि चालताना माल गुडघ्याच्या वर नाई. कोनी कितीबी म्हनो."

सुधाकरराव खाली बघत होते.

जाळी जोडून होईपर्यंत उन्हं कलली. हर्षदीपने तिला सीटवर बसवलं. तेच निंबाचं खोड होतं. तिने जबडा उघडला, खाली घातला, मिटवला. लाकडात लोखंड रुतल्याचा करकर आवाज आला. हर्षदीपने आणि शेडमधल्या दोघांनी टोकाला धरून खोड हलवायचा, फिरवायचा प्रयत्न केला. ते फिरलं नाही. तिने त्यांना पुन्हा हलवायला लावलं. मग पुन्हा. चौथ्यांदा सांगितलं तेव्हा शेडमधला एक जण हसला, पण सुधाकररावांनी त्याच्याकडे पाहिलं आणि तो गप्प झाला.

घरी आल्यावर सुधाकरराव सरळ पंकजच्या खाटेपाशी गेले. काय बोलणं झालं ते पूनमने ऐकलं नाही. ती मुद्दाम चुलीपाशी थांबली. बाहेर आले तेव्हा ते मालनबाईंना म्हणाले, "त्याच्या उशीची खोळ बदल, ओली झाली." बस, एवढंच.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. पहिला नियम पूनमने रुपाला सांगितला, मडगार्डवर आता कोणी बसणार नाही, कधीच नाही. रुपा रुसली. पूनमने तिला समजावलं नाही, नुसतं नाही म्हटलं. पहिली फांदी उचलताना ट्रॅक्टर दोनदा बंद पडला. धुऱ्यावर बायामाणसं जमलेली. सुधाकरराव पुढे उभे राहून दोन्ही हात गुडघ्यापाशी धरत होते, इतकंच वर, याच्या वर नाई, म्हणून. संध्याकाळपर्यंत बेल्याचा रस्ता मोकळा झाला.

तिसऱ्या दिवशी पंढरीच्या विहिरीजवळ चिंचेची मोठी फांदी होती. तिच्यात विजेची तार गुरफटलेली. पूनमने वीस पावलं अलीकडे ट्रॅक्टर थांबवला.

"उचल ना, वहिनी," पंढरी म्हणाला. "वादळापासून लाइन बंद हाय. तार मेलेली हाय ते."

"नाई उचलत."

"काऊन?"

चार माणसं ऐकत होती. सासरे ऐकत होते. तिला वाटलं काहीतरी कारण सांगावं, डिझेल संपलं, नळी गळते. मग ती म्हणाली, "मले भेव वाटते."

पंढरी हसायला लागला. सुधाकररावांनी खिशातून फोन काढला. "ती नाई म्हनते तं नाई. लाइनमनले बोलावतो."

लाइनमन चार तासांनी आला. त्याने तपासलं, तार खरंच मेलेली होती. पंढरीने दोन-तीनदा बोलून दाखवलं की अर्धा दिवस फुकट गेला. गेला असेल. पूनमला त्याचं काही वाटलं नाही. लाइनमनने तार कापून गुंडाळून बाजूला ठेवली, तेव्हा ती पुढे गेली आणि फांदी उचलली.

त्या संध्याकाळी उजेड होता तोवरच ती घरी आली. पंकज अंगणात खुर्चीवर होता. त्याच्या कानावर विहिरीची गोष्ट आलेली होती.

"सगळ्याइच्या मधात म्हनलं म्हने तू. भेव वाटते म्हनून."

"हो."

"अन् बाबा?"

"काई नाई बोलले. फोन लावला."

त्याने ट्रॅक्टरकडे पाहिलं. "आता कमी झालं का?"

"नाई," ती त्याच्या शेजारी पायरीवर बसत म्हणाली. "सकाळी चढताना वाटतेच. उतरल्यावर जाते."

मृगात कपाशी पूनमनेच लावली. पंकजचा खांदा जुळायला दोन महिने लागले आणि त्यानंतरही तो ट्रॅक्टरभोवती नुसता फिरायचा, तेल बघायचा, नट आवळायचा. त्याला कोणी काही म्हटलं नाही. पोळ्याच्या आठ दिवस आधी, सकाळीच, तो न सांगता सीटवर जाऊन बसला. पूनम गोठ्यातून बाहेर आली तेव्हा इंजिन चालू होतं आणि तो दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत होता. ती जवळ गेली नाही. त्याला दिसेल अशी गोठ्याच्या दाराशी उभी राहिली. त्याने ट्रॅक्टर नाल्यापर्यंत नेला, पंजा खाली ठेवून, आणि परत आणला. उतरला तेव्हा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.

तिने तांब्या पुढे केला. तो गटागट प्यायला, उरलेलं पाणी तोंडावर मारलं.

"उद्या धुऱ्यापर्यंत नेतो," तो म्हणाला.